चाकाखालचा दगड

(तृतीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

मोटार चालवायला शिकवणाऱ्या कोणत्याही वर्गात जाऊन पाहा. गाडी सुरू कशी करावी, गिअर कसा बदलावा, वळणावर हात कधी दाखवावा, हे सारे तेथे शिकवतात. गाडी थांबवून खाली कसे उतरावे हे मात्र फारसे कोणी शिकवीत नाही. आणि उतरणे ही काय शिकवण्याची गोष्ट आहे? दार उघडले, पाय खाली टाकला, झाले! वाहनचालकाची जबाबदारी जणू त्याच्या आसनाला चिकटवलेली असते. तो उठला की ती तेथेच सीटवर पडून राहते आणि महाशय पानाच्या टपरीकडे चालू लागतात.

वार्षिकांकात पाऊस, प्रेम, बेकारी आणि ग्रामीण साहित्य हे विषय शोभतात. 'उभी मोटार' हा काय विषय झाला, असे माझ्या मैत्रिणींनी मला तोंडावर सांगितले आहे. सरांनीही "जरा वेगळं आहे" असे म्हणून भुवया वर केल्या. पण ज्या विषयाने आमच्या घरात दोन वर्षे कोणाला धड झोप लागू दिली नाही, तो सोडून पावसावर लिहायला माझी लेखणी तयार नाही.

आमचे आबा टेंपोचालक आहेत. टेंपो त्यांचा नव्हे, मालकाचा. पहाटे भाजी भरायची, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला टाकायची आणि येताना मिळेल तो माल घेऊन परतायचे, असा गेली बावीस वर्षे त्यांचा क्रम आहे. बावीस वर्षांत घाटात त्यांच्या हातून साधा आरसासुद्धा फुटलेला नाही. अपघात झाला तो गाडी चालवताना नव्हे. गाडी उभी असताना, आबा चहा पीत असताना झाला.

आमच्या तालुक्याच्या गावची मंडई उतारावर आहे. डिसेंबर २०२२ मधली पहाट होती. आबांनी टेंपो उतारावर लावला, इंजिन बंद केले आणि मागच्या चाकाखाली दगड ठेवला. हँडब्रेक ओढला नाही. ओढून उपयोगही नव्हता, कारण त्याची तार सैल झाली होती. तीन वेळा त्यांनी मालकाला तसे सांगितले होते आणि तीनही वेळा "पुढच्या पगाराला बघू" हे उत्तर मिळाले होते. हमाल पोती उतरवीत होते. आबा समोर चहाला गेले. तेवढ्यात कोणाला तरी हातगाडीच्या चाकाला लावायला दगड हवा होता. समोर आयता होता, तो त्याने उचलला. टेंपो सावकाश, अगदी सावकाश निघाला. पाहणारे सांगतात की पहिली दहा पावले तो माणसाच्या चालीने गेला, आणि म्हणून कोणाला काही वाटलेच नाही. खाली भिंतीला टेकून मेथी-कोथिंबिरीच्या पेंड्या मांडून एक मावशी बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय मांडीपासून मोडला.

आबांनी स्वतः त्यांना उचलून रिक्षात घातले व दवाखान्यात नेले. पण त्या दिवसापासून एकच वाक्य ते हजार वेळा बोलले असतील : "दगड लावला होता. ज्यानं काढला, त्याचा दोष." मंडईतही सर्वांचे हेच मत पडले. मावशींच्या घरच्यांनीही, आश्चर्य म्हणजे, हेच मानले. दगड कोणी काढला हे शेवटपर्यंत कळले नाही, त्यामुळे दोष कोणाच्याच पदरात पडला नाही. तो मंडईच्या उतारावर तसाच फिरत राहिला.

मलाही तेव्हा आबांचे म्हणणे पटले होते. मुलीला बापाचे पटणारच. पुढे द्वितीय वर्षात एका प्रकल्पासाठी ग्रंथालयात मोटार वाहन कायद्याचे पुस्तक चाळण्याचा प्रसंग आला. १९८८ च्या या कायद्यातील १२६ वे कलम वाचले आणि पुस्तक मिटून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले. त्या कलमाचा आशय साधा आहे. सार्वजनिक जागी वाहन उभे करून ठेवायचे असेल तर दोहोंपैकी एक झाले पाहिजे. एक तर परवानाधारक माणूस चालकाच्या जागी बसलेला असावा. नाहीतर इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा, किंवा चालकाच्या गैरहजेरीत गाडी अपघाताने सुरू होणार नाही अशी अन्य तजवीज केलेली असावी. कलम एवढेच आहे. १९३९ च्या जुन्या कायद्यातही ८४ व्या कलमात हेच होते, म्हणजे ही काही काल-परवा काढलेली टूम नव्हे.

'अन्य तजवीज' या दोन शब्दांत आबांचा दगड बसतो की नाही? मी हा प्रश्न वर्गातल्या चार जणांना विचारला. तिघे म्हणाले, बसतो. चौथा शेतकऱ्याचा मुलगा. तो म्हणाला, "बैलगाडी उतारावर सोडताना आम्ही दगड लावतो, पण बैल सोडून नेतो. दगडाचा भरवसा नसतो. दगड कुणीही उचलतो." माझ्या मते कायदा त्या चौथ्याच्या बाजूला आहे. तजवीज अशी हवी की गाडी 'सुरू होणारच नाही'. जी तजवीज मंडईतल्या कोणत्याही हातगाडीवाल्याला एका हाताने उचलून नेता येते, ती गर्दीच्या मंडईत तजवीज म्हणता येत नाही. पोरे, हमाल, हातगाडीवाले, भटकी जनावरे हा मंडईचा नित्याचा परिवार आहे. त्यांच्यापैकी कोणाचा तरी हात वा पाय त्या दगडाला लागणार हे बावीस वर्षे मंडईत येणाऱ्या माणसाला ठाऊक असायलाच हवे.

ही माझी एकटीची अक्कल नव्हे. इंग्लंडच्या न्यायालयांनी मोटारी येण्याच्या कितीतरी आधी हा प्रश्न सोडवून ठेवला आहे, आणि नुकसानभरपाईच्या कायद्यात आपणही बराचसा तोच वारसा चालवतो. १८४१ च्या एका खटल्यात एकाने घोडा जुंपलेली गाडी रस्त्यात तशीच सोडून दिली होती. गल्लीतली पोरे तिच्यावर चढून खेळू लागली, एकाने घोडा हलवला आणि दुसरा पोरगा खाली पडून जखमी झाला. गाडीवान म्हणाला, दोष पोरांचा. न्यायालय म्हणाले, रस्त्यात गाडी सोडलीस तर पोरे चढणार हे तुला कळायला हवे होते. पुढे १९३५ चा निकाल तर आमच्या दगडाच्या फारच जवळचा आहे. लंडनच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर दोन घोड्यांची गाडी बेवारशी उभी होती. एका खोडकर मुलाने घोड्यांना दगड मारला. घोडे उधळले. रस्त्यात बायका-मुले होती, म्हणून एका पोलीस शिपायाने चौकीतून धावत येऊन घोडे अडवले व त्यात तो जबर जखमी झाला. दगड मारला मुलाने, पण भरपाई द्यावी लागली गाडीच्या मालकाला. कारण मध्येच तिसऱ्या माणसाने काही तरी आगळीक करणे हीच तर गोष्ट गाडी सोडून जाताना ध्यानात घ्यायची असते! (आमच्याकडे दगड काढला, तेथे दगड मारला, एवढाच काय तो फरक.)

हे सारे वाचले आणि घरी जाऊन आबांना सांगायचे की नाही, यावर मी आठवडाभर विचार केला. ते पुढे येईलच. तोपर्यंत आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाकडे येऊ, कारण आबांना दोष देऊन आपण पदवीधर होऊ पाहणारे लोक सुटत नाही.

सकाळी साडेसातला आपल्या फाटकाशी उभे राहून पाहावे. सायकलींचा जमाना आपल्या प्राध्यापकांच्या आठवणीत उरला. आता दुचाक्यांची रांग फाटकापासून बसथांब्यापर्यंत लागते. निम्म्या पदपथावर, काही थांब्याच्या अगदी पुढ्यात, एकदोन तर फाटकाच्या मधोमध, 'आत्ता आलो' अशा थाटात. आता उभ्या वाहनांसंबंधीचे नियम पाहा. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत गाडी कोठे उभी करू नये याची यादी होती : चौक, वळण, टेकाडाचा माथा, पदपथ, पादचारी ओलांडतात ती जागा, बसथांबा, शाळा वा रुग्णालयाचे प्रवेशद्वार, दुसऱ्या उभ्या गाडीच्या शेजारी, अग्निशामक नळाजवळ. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली, पण गाभा तोच राहिला. या यादीतले अग्निशामक नळ सोडले, आणि ते केवळ आपल्या गावात तो नळच नाही म्हणून, तर बाकी बहुतेक सर्व जागा आपले विद्यार्थी रोज नेमाने वापरतात. प्राध्यापकवर्गही त्यात मागे नाही. पण ते लिहिले तर हा लेख छापला जाईल की नाही याची शंका आहे, म्हणून थांबते.

कायद्याचे १२२ वे कलम याहून व्यापक आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा जागी, अशा स्थितीत वा अशा परिस्थितीत गाडी सोडून जायचे नाही, असे ते सांगते. १२७ व्या कलमाने दहा तास वा अधिक काळ बेवारशी सोडलेली, किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला उचलून नेता येते आणि नेण्याचा खर्च मालकाच्या माथी बसतो. लोकांना एवढे एकच कलम पाठ आहे, कारण ते खिशाला लागते. उभ्या गाडीचा कायदा म्हणजे क्रेन आणि पावती, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. पावती चुकवली की कायदा पाळला!

दंडाच्या आकड्यांत मी फार शिरत नाही. जेथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तेथे पहिल्या गुन्ह्याला १०० रुपयांपर्यंत दंड होता, तो २०१९ च्या सुधारणेने ५०० पर्यंत नेला. पाचशे रुपये वाचवण्यासाठी कोणी हँडब्रेक ओढील असे मला वाटत नाही.

माझी स्वतःची एक चूक येथे सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे लोकांना सांगे ब्रह्मज्ञान व्हायचा. परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. चुलतभाऊ बरोबर होता, वय वर्षे चौदा. मी स्कूटी फाटकाशी लावली, किल्ली तशीच ठेवली आणि "बस इथं, आलेच" म्हणून खिडकीकडे पळाले. परत येते तो स्कूटी नाही, भाऊही नाही. पाच मिनिटांनी स्वारी वळणावरून हसत आली. झाले काहीच नाही. पण कायद्याला विचारले तर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी गेली की २०१९ पासून १९९ (अ) हे कलम लागते : पालक वा मालक यांना २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द. स्कूटी आबांच्या नावावर आहे. म्हणजे मी उतरताना किल्ली काढली नाही, याची कैद भोगायची कोणी? आपल्या नकळत किंवा आपण खबरदारी घेऊनही हे घडले असे आबांना सिद्ध करता आले असते तर ते सुटले असते. पण सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर. त्या संध्याकाळी त्यांनी किल्ली खुंटीवरून काढून स्वतःच्या खिशात घातली व महिनाभर परत दिली नाही. बोलले काहीच नाहीत.

या किल्लीच्या बाबतीत आपला कायदा थोडा अपुरा आहे असे माझे मत आहे. १२६ वे कलम गाडी 'अपघाताने' सुरू होऊ नये एवढेच पाहते. कोणी मुद्दाम सुरू करू नये म्हणून किल्ली काढा, दार लावा, असे ते स्पष्ट शब्दांत सांगत नाही. जर्मनीच्या रस्ता-नियमांत गाडी सोडताना अपघात टाळण्याची तजवीज करा आणि शिवाय अनधिकृत वापरापासून ती सुरक्षित करा, अशी दोन्ही कर्तव्ये एकाच कलमात लिहिलेली आहेत. लहान मुलांचा विचार केला तर हे दुसरे कर्तव्य किती मोलाचे आहे ते पटते. जून २०२३ मध्ये नागपुरात तीन लहान मुले खेळता खेळता घराजवळच उभ्या असलेल्या एका मोटारीत शिरली आणि आत अडकली. सारी रात्र शोध चालला. दुसऱ्या दिवशी ती त्या गाडीतच मृत सापडली. गाडी जागची हलली नव्हती. ब्रेक लागला होता की नाही या प्रश्नाला तेथे काही अर्थच नव्हता. उन्हाच्या दिवसात बंद मोटार ही भट्टी असते, आणि उघड्या दाराची बेवारशी मोटार हे मुलांना खेळणे वाटते, एवढे ज्याला समजते त्याने उतरल्यावर दार ओढून पाहायला दोन क्षण लागतात.

इंजिन चालू ठेवून खाली उतरण्याची आपली एक खास राष्ट्रीय सवय आहे. 'पुन्हा स्टार्टर मारायला नको' म्हणून. मालमोटारीचा चालक धाब्यावर, दूधवाला दारात, आणि वातानुकूलित मोटारीतले साहेब औषधाच्या दुकानात. तिघांचीही गाडी मागे धडधडत असते. याचा परिणाम काय होतो त्याचे आपल्या देशातले ठळक उदाहरण म्हणजे १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला स्कँडिया विमा कंपनीचा खटला. गुजरातेतले प्रकरण. मालमोटारीचा परवानाधारक चालक इंजिन चालूच ठेवून, गाडी क्लीनरच्या भरवशावर टाकून, समोरच्या दुकानातून काही खायला आणायला गेला. क्लीनरकडे परवाना नव्हता. त्याने गाडी हाकली, अपघात झाला आणि एक जीव गेला. विमा कंपनी म्हणाली, गाडी परवाना नसलेल्या माणसाच्या हाती होती, करार मोडला, आम्ही पैसे देणार नाही. न्यायालयाने ते ऐकले नाही. मालकाने परवानाधारक चालक नेमला होता. त्याने स्वतः काही करार मोडला नव्हता. आणि सक्तीचा विमा हा मुळात रस्त्यावर बळी पडणाऱ्या माणसासाठी आहे. चालकाने वाटेत केलेल्या निष्काळजीपणाचे निमित्त करून त्या माणसाच्या वारसांना रिकाम्या हाताने पाठवता येणार नाही. चालकाला न्यायालयाने निर्दोष ठरवले नाही हे लक्षात घ्यावे. चूक त्याचीच, पण चुकीची झळ मृताच्या घराला बसू नये, असा तो न्याय.

एक विषयांतर करते. घाटात गाडी बंद पडली की चालक भोवताली दगड मांडतो, मागे झाडाची फांदी खोचतो. लाल चमकणारा त्रिकोण ठेवावा हे ठाऊक असते, पण तो कोणी तरी चोरून नेलेला असतो. इथवर ठीक. गाडी दुरुस्त होते, निघून जाते, आणि दगड? दगड तेथेच! रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काय माहीत की ही कालच्या एका बंद गाडीची शिल्लक आहे? कुंभार्लीत आबांनी स्वतः गाडी थांबवून असे दगड कडेला टाकताना मी त्यांच्या शेजारी बसून पाहिले आहे. दुसऱ्याच्या दगडाविषयी एवढे जागरूक असलेला माणूस स्वतःच्या दगडाविषयी मात्र आंधळा राहिला, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता मूळ गोष्टीकडे. मावशींचा पाय मोडला त्याचे पुढे काय झाले? 'मिटवले.' आपल्या मंडईत, एस.टी. स्टँडवर, गावोगावी हा शब्द किती सहज वापरला जातो! चार प्रतिष्ठित बसले. मालक म्हणाला, "गाडी तुझ्या ताब्यात होती, तू बघ." पोलिसांत जायचे नाही असे ठरले. आबांनी पंधरा हजार रुपये दिले, त्यातले दहा हजार व्याजाने काढलेले. मालकाने मोठ्या मनाने पाच हजार टाकले. मावशींच्या मुलाने पैसे घेतले, सर्वांनी चहा घेतला. मावशींच्या पायात सळई घालण्याचा खर्च याच्या कितीतरी पट झाला आणि तो त्यांनी एका एकराचा तुकडा गहाण ठेवून केला, हे आम्हाला वर्षाने कळले.

या मिटवामिटवीत कायदा कोठे होता? कोठेच नव्हता, आणि सर्वांत मोठे नुकसान त्यामुळेच झाले. मालकाला वाटले कायदा टळला, आबांना वाटले तुरुंग टळला, मावशींच्या मुलाला वाटले काही तरी हाती पडले. वस्तुतः कायदा आला असता तर काय झाले असते? एक तर मालक सुटला नसता. वाहनातला दोष ठाऊक असून ते रस्त्यावर चालवणारा किंवा चालवू देणारा १९० व्या कलमाखाली शिक्षेस पात्र असतो, आणि त्या दोषामुळे कोणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड अशी तरतूद आहे. सैल तार आबांना ठाऊक होती, म्हणून ते दोषी. तीन वेळा सांगून मालकालाही ठाऊक झाली होती, म्हणून तोही दोषी. बावीस वर्षांच्या नोकरीत आबांना मालकाच्या बरोबरीने बसवणारे असे हे एकच कलम निघाले!

दुसरे आणि महत्त्वाचे, टेंपोचा विमा होता. तिसऱ्या माणसासाठीचा विमा १४६ व्या कलमाने सक्तीचाच आहे. मावशींना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करता आला असता. मी हे घरी बोलले तेव्हा काका म्हणाले, "गाडी चालूच नव्हती, विमा कसला देतात?" हीच शंका एका विमा कंपनीने थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेली होती, आणि प्रकरण आपल्या सातारा जिल्ह्यातलेच होते. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बंगलोर महामार्गावर कवठे गावाजवळ पेट्रोलच्या टँकरची आणि कांद्याच्या मालमोटारीची टक्कर झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन कलंडला. पेट्रोल गळून साचत राहिले. चार तास तो तसाच पडून होता. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट होऊन आग लागली आणि जमलेल्या लोकांपैकी कित्येक भाजले, काही दगावले. वारसांनी भरपाई मागितली तर उत्तर आले की टँकर तेव्हा चालत नव्हता, म्हणजे त्याचा 'वापर' होत नव्हता. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला. वाहन उभे असले, बंद पडले असले, कलंडले असले तरी त्याचा 'वापर' संपत नाही, असा अर्थ न्यायालयाने केला. तेव्हाच्या कायद्यातली, दोष कोणाचा हे न पाहता मिळणारी मृत्यूची भरपाई होती अवघी १५,००० रुपये. रक्कम अल्प, पण त्या निकालाने उभ्या गाडीला कायद्याच्या दृष्टीने चालत्या गाडीच्या शेजारी आणून बसवले. आमच्या गावापासून फार लांब नसलेल्या ठिकाणी घडलेली ही गोष्ट आमच्या मंडईतल्या एकाही प्रतिष्ठिताला ठाऊक नसावी! कायदा इंग्रजीत, निकाल इंग्रजीत, आणि चालकाच्या परवान्याची परीक्षा म्हणजे चार चिन्हे ओळखणे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की परवाना देताना आठाच्या आकड्यात गाडी फिरवायला लावतात, तसे उतारावर गाडी लावून खाली उतरायला लावावे. हँडब्रेक ओढला का, गिअरमध्ये टाकली का, चाक कडेला वळवले का, किल्ली काढली का, दार ओढले का, हे पाहावे, आणि जो दगड शोधायला निघेल त्याला नापास करावे. ठोकळा वा दगड ब्रेकच्या जोडीला असावा, ब्रेकच्या जागी नव्हे. वाहनाला पायाचा ब्रेक आणि उभे राहण्याचा ब्रेक असे दोन स्वतंत्र ब्रेक असावेत असा नियम आहे, तो उगाच नाही. जो मालक हँडब्रेकची तार बदलून देत नाही त्याची गाडी चालकाने हलवू नये, असे म्हणणे सोपे आहे. चालकाच्या घरी चूल पेटायची असते हे मला कोणी सांगायला नको. पण निदान तीन वेळा तोंडी सांगण्याऐवजी एकदा लेखी सांगावे. कागद राहतो. आबांना मी आता तसे अर्ज लिहून देते. गेल्या महिन्यात मंडईतल्या आणखी दोघा चालकांनी माझ्याकडून लिहून नेले.

मी आबांना १२६ वे कलम वाचून दाखवले ते एका रविवारी, जेवणानंतर. मराठीत समजावून सांगितले. दगडाचेही सांगितले आणि घोड्यांचेही. ते रागावतील असे वाटले होते. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले आणि म्हणाले, "मग माझंच चुकलं म्हणायचं." मी हो म्हटले. आई उठून आत गेली.

खरी अडचण पुढे होती. आमच्या सरांच्या ओळखीच्या एका वकिलांकडे मी गेले. त्यांनी सांगितले की मावशींनी अर्ज करायचा तर त्यात मालक, विमा कंपनी आणि चालक हे प्रतिपक्ष असतील. म्हणजे बापाचे नाव प्रतिवादीत घालण्याचा सल्ला मुलीने द्यायचा. २०१९ च्या सुधारणेने अशा अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे, ती कधीच उलटून गेली. पण त्या मुदतीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, तेव्हा अर्ज करून पाहावा, असे वकिलांचे मत पडले. पोलिसांत नोंद नाही हीही अडचण. पण दवाखान्याचे कागद आहेत, साक्षीदार आहेत. पैसे मिळतील की नाही हे कोणी सांगू शकत नाही. काका म्हणतात, मिटलेले उकरून काढू नये. मालकाच्या कानावर गेले तर आबांची नोकरी जाईल, ही भीती आई बोलून दाखवत नाही, पण तिच्या हातून दोनदा दूध उतू गेले.

चार दिवस आबा या विषयावर काहीच बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी मी महाविद्यालयात यायला निघाले तेव्हा त्यांनी खिशातून एक घडी केलेला कागद काढून माझ्या वहीत ठेवला. त्या साली गाडीत असलेल्या विम्याच्या कागदाची झेरॉक्स होती. ती त्यांनी केव्हा काढून ठेवली होती, अपघाताच्या दिवसांत की काल, हे मी विचारले नाही. पॉलिसीच्या शर्तीत बारीक अक्षरात एक ओळ आहे : अपघात झाल्यास वा गाडी बंद पडल्यास पुढील हानी टळेल अशी खबरदारी घेतल्याशिवाय ती बेवारशी सोडू नये. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ ओढलेली होती.

कागद वकिलांकडे दिला आहे. मावशी काठी घेऊन चालतात आणि आता पुन्हा मंडईत बसू लागल्या आहेत. पण भिंतीच्या कडेला नव्हे, उताराच्या वरच्या अंगाला, टेंपो लागतात त्याच्याही वर.